पुरेशी पकड

कड्यावर पहिल्यांदाच चढणाऱ्या माणसाचे हात बघावेत. पकड चांगली खोल असते, चारही बोटं आत जातात, पाय भक्कम जागी असतात, दोर वरून बांधलेला असतो आणि खाली बिले देणारा, म्हणजे दोर सांभाळणारा साथीदार, डोळ्यांत तेल घालून उभा असतो. तरीही बोटांची पेरं पांढरी पडलेली असतात. खांदे कानांपर्यंत चढलेले, जबडा आवळलेला, श्वास छातीत कुठेतरी अडकलेला. थोड्याच वेळात कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टणक होतो, बोटं धड मिटत नाहीत आणि धड उघडत नाहीत, आणि खाली उतरल्यावर तो म्हणतो, ‘माझ्या हातांत ताकदच नाही.’ ताकद असते. त्या पकडीवर टिकायला जेवढी लागत होती त्याहून कितीतरी जास्त त्याने खर्च केलेली असते.

हे फक्त नवख्यांचं नाही. वर्षानुवर्षं चढणारी माणसंही, अवघड जागा जवळ आली किंवा दोर अडकवायला कड्यात ठोकलेला शेवटचा बोल्ट पायाखाली बराच दूर राहिला, की हेच करतात. अनुभवाने एवढाच फरक पडतो, की आपण असं करतो आहोत हे त्यांच्या लवकर लक्षात येतं.

योगाचा क्लाइंबिंगला काय उपयोग, असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा लवचिकतेपासून सुरू होतं आणि तिथेच संपतं. पाय उंच जाईल, कंबर मोकळी होईल, स्नायू आखडणार नाहीत. हे सगळं खरं आहे आणि त्याबद्दल मी पुढे लिहिणारच आहे. पण दोन्ही गोष्टी बरीच वर्षं सोबत केल्यावर माझं मत असं झालं आहे, की योग चढणाऱ्याला सगळ्यात आधी बळाचा हिशेब शिकवतो. ते कुठे लावायचं, किती लावायचं, आणि मुख्य म्हणजे कुठे अजिबात लावायचं नाही.

पतंजलींनी आसनांबद्दल अगदी थोडं सांगितलं आहे. आसन स्थिर हवं आणि सुखाचं हवं, हे एका सूत्रात, आणि लगेच पुढच्या सूत्रात ते साधण्यासाठी प्रयत्न शिथिल करायला सांगितलं आहे. वाचताना हे सोपं वाटतं. दुसऱ्या वीरभद्रासनात उभं राहिलं की त्यातली अडचण कळते. पुढचा गुडघा काटकोनात वाकलेला, मागचा पाय ताठ, दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत पसरलेले. अर्ध्या मिनिटात पुढची मांडी पेटते. मग बघता बघता खांदे वर चढतात, कपाळावर आठी येते, दात आवळले जातात, मागच्या हाताची बोटं ताठरतात. यातल्या एकाही गोष्टीने मांडीचं ओझं रतीभरही कमी होत नाही. शिक्षक ‘चेहरा सैल सोडा’ म्हणतात आणि आपण सोडून बघतो, तेव्हा कळतं की मांडी पूर्ण जोराने काम करत असतानाही जबडा मोकळा ठेवता येतो. ज्या स्नायूचं काम आहे त्याला ते करू द्यायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्यात ओढायचं नाही. हे जमिनीवर, पडायची भीती नसताना, रोज थोडा थोडा वेळ घडत गेलं तर कुठे कड्यावर आठवतं.

चढताना जास्तीच्या जोराची किंमत नेमकी कुठे मोजावी लागते, तेही समजून घेण्यासारखं आहे. बोटं वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतात. ते कोपराखालच्या भागात असतात आणि लांब कंडरांच्या साहाय्याने बोटांची टोकं ओढतात. स्नायू आवळला की त्याच्या आतला दाब वाढतो आणि त्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. पकड जितकी घट्ट, तितकं रक्त कमी. पूर्ण ताकदीच्या जवळ जाल तसा ओघ जवळपास थांबतो. ऑक्सिजन पोचत नाही, स्नायूत साठलेले पदार्थ वाहून जात नाहीत, आणि हात भरतो. यालाच आपण पंप होणं म्हणतो. म्हणून पकड किंचित सैल करण्याचा फायदा दुहेरी आहे. शक्ती कमी खर्च होते, आणि रक्त वाहत राहिल्यामुळे खर्च झालेली थोडी थोडी भरूनही येते. एका होल्डवरून, म्हणजे हातापायांना धरायच्या जागेवरून, दुसऱ्यावर जाताना हात क्षणभर मोकळा असतो, तेवढ्यातही रक्त परत येतं. घाबरलेल्या माणसाला हा क्षणही मिळत नाही, कारण त्याची मूठ हवेतसुद्धा वळलेलीच असते.

यासाठी एक साधा सराव आहे. जमिनीलगतच्या एखाद्या मोठ्या, सोप्या होल्डवर उभं राहायचं, पाय नीट ठेवायचे, डोळे मिटायचे आणि पकड हळूहळू सैल करत जायचं, हात निसटायच्या बेताला येईपर्यंत. ती सीमा आपल्या अंदाजापेक्षा फार खाली निघते. ज्यांनी आसनं केलेली आहेत त्यांना हा सराव पटकन जमतो, असं माझं निरीक्षण आहे. शरीरातून येणारे बारीक निरोप टिपायची सवय त्यांना आधीच लागलेली असते.

आता श्वास. योगातली एकच गोष्ट उचलायला मिळाली तर मी हीच उचलेन.

अवघड चालीत क्लाइंबर श्वास रोखून धरतो. क्षणभरासाठी हे चुकीचं नाही. जोराची झेप घेताना किंवा पाय सुटून शरीर झोका खातं तेव्हा रोखलेल्या श्वासाने धड ताठ राहतं आणि हातापायांना आधार मिळतो. वजन उचलणारेही तेच करतात. गडबड होते ती पुढे. चाल संपते, चांगला होल्ड हाताला लागतो, तरी श्वास तसाच कोंडलेला राहतो. मग जो येतो तो उथळ, भराभर आणि छातीच्या वरच्या भागातला. श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला, एकाच वेळी दोन कामं असतात, श्वास घेणं आणि धड सावरणं. ओव्हरहँगवर, म्हणजे बाहेर झुकलेल्या भिंतीवर, पोटाचे स्नायू सतत आवळलेले असतात, त्यामुळे श्वासपटलाला खाली सरकायला जागा मिळत नाही आणि श्वासाचं काम मान आणि खांद्यांच्या वरच्या स्नायूंवर येऊन पडतं. हेच स्नायू खांदे कानांकडे ओढतात. म्हणजे घाबरलेला श्वास खांदेही थकवतो.

आवळलेल्या पोटाने श्वास घ्यायला शिकायचं तर तशीच आसनं हवीत. नावासन याला उत्तम. पाय आणि धड दोन्ही उचललेले, पोट काम करतंय, आणि तरीही बरगड्या बाजूंना फुलवत शांतपणे श्वास घ्यायचा. परिवृत्त उत्कटासन, म्हणजे खुर्चीत बसल्यासारखं गुडघे वाकवून धड पिळायचं आसन, त्याहून अवघड, कारण पिळलेल्या पोटात हवेला वाट कुठून द्यायची हा प्रश्न तिथे अक्षरशः पडतो. मागच्या बरगड्यांमध्ये श्वास जाऊ शकतो हे मला तिथे कळलं. पुढे एका कपारीत अंग घालून, छाती दगडाला चिकटलेली असताना, मी नेमका तोच श्वास घेत होते.

उज्जायीचा उपयोग याहून वेगळा आहे. घसा हलकेच आकसून केलेल्या त्या श्वासाला आवाज असतो, आणि आवाज असल्यामुळे तो बंद पडला की आपल्याला कळतं. कड्यावर लक्ष शंभर ठिकाणी असतं. पाय कुठे, पुढचा होल्ड कोणता, दोर पायामागे तर गेला नाही ना. त्यात श्वासावर लक्ष ठेवणं जमत नाही, पण चालू असलेला आवाज थांबल्याचं लक्षात येतं. काही जणांना हा आवाज जरा दिखाऊ वाटतो. त्यांनी ओठांतून फुंकर सोडावी, काम तेच होतं.

विश्रांतीच्या होल्डवर उच्छ्वास लांबवणं हीदेखील तिथूनच आलेली गोष्ट. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात, आणि हे वेगस नावाच्या चेतातंतूमुळे घडतं. उच्छ्वास जितका लांब आणि सावकाश, तितका त्याचा परिणाम टिकतो. हात झटकत, आळीपाळीने एक खाली सोडत उभं राहायचं तेव्हा मी सेकंद मोजत नाही, उच्छ्वास मोजते. एकेक लांब होत गेला की निघायची वेळ झाली. उलट, कुंभकाचा सराव कड्यावर आणू नये. प्राणायामातला रोखलेला श्वास बसून, निवांतपणी करायचा असतो. पंप झालेल्या हाताला त्या वेळी ऑक्सिजनची गरज असते आणि श्वास रोखून त्यात भर पडत नाही.

नितंबाच्या सांध्याचं मोकळेपण ही लवचिकतेतली सगळ्यात कामाची बाजू. तिचं कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे. उभ्या भिंतीवर एखादा साठ किलोचा माणूस उभा आहे असं धरा. त्याचे हात पायांपासून दीड मीटर वर आहेत आणि त्याचा गुरुत्वमध्य, जो साधारण बेंबीच्या जरा खाली असतो, भिंतीपासून ३० सेंटिमीटर बाहेर आहे. तो मागे पडू नये म्हणून हातांना भिंतीकडे सतत सुमारे १२ किलोचा ओढ द्यावा लागतो. आता त्याने गुडघे बाहेर वळवले, कंबर भिंतीला आणली आणि तेच अंतर १५ सेंटिमीटर केलं, तर हा ओढ ६ किलोवर येतो. हातांची ताकद तेवढीच आहे, काम निम्मं झालं. बोटांच्या व्यायामाने एवढा फरक पडायला किती महिने घालवावे लागतात ते ज्यांनी हँगबोर्डवर, म्हणजे बोटांनी लटकायच्या फळीवर, लटकून घाम गाळला आहे त्यांना विचारावं.

गुडघे बाहेर वळवून कंबर भिंतीला लावायची तर बद्धकोनासन, मालासन आणि उपविष्टकोनासन ही आसनं थेट उपयोगाची. मालासनाबद्दल मला विशेष आपुलकी आहे, कारण त्यात पाऊल जमिनीवर सपाट असतं, घोटा खोल वाकतो आणि नितंब मोकळे होतात, आणि हे तिन्ही एकत्र उंच पायरीवर बसकण मारून उठताना लागतात. मात्र इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. नितंबाच्या खोबणीची खोली आणि दिशा माणसागणिक वेगळी असते. काही जणांचे गुडघे बद्धकोनासनात, म्हणजे तळवे जुळवून गुडघे बाजूंना सोडून बसताना, कितीही वर्षं केलं तरी जमिनीला टेकणार नाहीत, कारण तिथे हाडाला हाड लागतं. वरून हात दाबून ते टेकवण्याचा हट्ट गुडघ्याच्या जिवावर बेततो.

आणखी एक फरक चढणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. हाताने ओढून पाय जिथवर जातो आणि पायाच्या स्वतःच्या बळावर जिथवर जातो, यात बरंच अंतर असतं. उत्थित हस्त पादांगुष्ठासनात अंगठा धरून पाय समोर उचला, मग हात सोडा. पाय जितका खाली येतो तेवढी तुमची लवचिकता कड्यावर उपयोगाची नाही. कंबरेइतक्या उंच होल्डवर पाय ठेवताना दोन्ही हात गुंतलेले असतात, पाय उचलून द्यायला कोणी नसतं. म्हणून हात सोडल्यावर पाय तिथेच काही श्वास टिकवणं हाच माझ्या मते त्या आसनाचा क्लाइंबरसाठीचा खरा भाग. जमिनीवर पाय फाकवून दोन्ही बाजूंना सरळ रेषेत बसणारी पण गुडघ्याच्या वर पाय न ठेवता येणारी माणसं मी पाहिली आहेत.

ड्रॉप नी या चालीची गोष्ट उलटी. तिथे गुडघा आत आणि खाली वळतो, आणि नितंबाला आतल्या बाजूने फिरावं लागतं. बहुतेक योगवर्गांत नितंब बाहेर फिरवणारी आसनं भरपूर होतात, आत फिरवणारी फार थोडी. वीरासन त्यातलं मुख्य, गुडघे वाकवून दोन्ही पावलांच्या मध्ये बसायचं. नितंब फिरला नाही तर उरलेली पिळवट गुडघ्यावर येते. गुडघ्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध आणि तिथली कूर्चा या चालीत दुखावतात त्या यामुळेच. वीरासनात बसताना नितंबाखाली वीट किंवा घडी केलेली चादर घ्यावी आणि गुडघ्यात टोचलं तर तिथेच थांबावं.

लवचिकतेला कमी लेखणाऱ्यांसाठी एक उदाहरण पुरेसं आहे. अमेरिकन क्लाइंबर ॲलेक्स होनॉल्ड ३ जून २०१७ रोजी अमेरिकेतल्या योसेमिटीतल्या एल कॅपिटनवर, फ्रीरायडर या मार्गाने, दोराशिवाय एकटा चढून गेला. सुमारे ९०० मीटरची भिंत, आणि त्यातली सगळ्यात नाजूक जागा शेकडो मीटर वर. तिथे एका चालीत डावा पाय बाजूला, समोरच्या भिंतीपर्यंत, लाथ मारल्यासारखा लांब टाकायचा होता. तो पाय सहज पोचावा म्हणून त्याने वर्षभर रोज रात्री ताणाचे व्यायाम केले होते, असं त्याने स्वतः सांगितलं आहे. इथे सहज पोचण्याला फार महत्त्व आहे. कसाबसा पोचणारा पाय अंग खेचून नेतो, तोल हलवतो आणि हातांना जास्त आवळायला लावतो.

खांदे आणि पाठ यांच्याकडे वळायचं तर एक गंमतीची गोष्ट आहे, जी लक्षात आल्यापासून मी प्रत्येक नव्या क्लाइंबरला सांगते. चटईवर ओढायला काहीच नसतं. जमीन फक्त ढकलता येते. अय्यंगार पद्धतीत भिंतीवर लावलेल्या दोऱ्या सोडल्या, तर आसनांमध्ये ओढण्याची क्रिया जवळजवळ नाहीच. क्लाइंबिंगमध्ये मात्र बहुतांश ओढणंच असतं. म्हणजे चढताना जे स्नायू उपाशी राहतात त्यांना आसनं आपसूक खाऊ घालतात. छाती, दंडाची मागची बाजू, खांद्याचं पातं बरगड्यांवर घट्ट धरणारे स्नायू.

फक्त ओढत राहिल्याने काय होतं ते शरीरावर दिसतं. छातीचे आणि पाठीच्या बाजूचे मोठे स्नायू आखूड होतात, खांदे पुढे येतात, पाठीच्या वरच्या भागाला बाक येतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात वरच्या दर्जाच्या क्लाइंबरांच्या पाठीच्या कण्याचं मोजमाप केलं, तेव्हा हा बाक आणि कंबरेचा खोलगटपणा दोन्ही जास्त आढळले होते. पुढे आलेल्या खांद्याने डोक्यावरचा होल्ड धरला की खांद्याच्या सांध्यात कंडरांना जागा उरत नाही. दुखणं तिथून सुरू होतं.

भुजंगासन, शलभासन, धनुरासन ही याला उत्तरं आहेत, पण माझं आवडतं आहे पूर्वोत्तानासन. पाय लांब करून बसायचं, तळहात मागे टेकवायचे आणि सगळं अंग उचलायचं. छाती उघडते, खांदे मागे जातात, मनगटं उलट दिशेने वाकतात, आणि पाठीची आणि पायांची मागची बाजू काम करते. चढून आल्यावर हे केलं की अंग इतकं सरळ होतं की उंची वाढल्यासारखं वाटतं. गोमुखासनातले हात, एक वरून आणि एक खालून पाठीमागे नेलेले, बहुतेक क्लाइंबरांना आधी भेटतच नाहीत. मध्ये पट्टा घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

एका आसनाबद्दल मात्र मी सावध राहायला सांगेन. चतुरंग दंडासन, म्हणजे कोपरं वाकवून सगळं अंग जमिनीला समांतर धरायचं. भराभर केलेल्या सूर्यनमस्कारांत अंग खाली आणताना खांदे पुढे आणि कोपरांच्या खाली जातात. ज्यांचे खांदे आधीच पुढे आलेले आहेत त्यांच्या सांध्याच्या पुढच्या भागावर याचा वारंवार ताण येतो. गुडघे टेकवून, अर्ध्यातच थांबून, पण पाती जागेवर ठेवून केलेलं चतुरंग कितीतरी जास्त फायद्याचं.

पाय आणि नजर यांच्याबद्दल फार लिहायला नको, पण टाळताही येत नाही. क्लाइंबिंगचे बूट आवळ असतात आणि बोटं वाकलेल्या स्थितीत दाबून ठेवतात. अनवाणी उभं राहून बोटं पसरणं, अंगठा एकटाच उचलणं, वृक्षासनात तळव्याखाली वजन कुठे सरकतंय ते जाणवणं, यांनी त्या पायाला पुन्हा जाग येते. वृक्षासनात नजर एका बिंदूवर ठेवतात. डोळे मिटले की तोल लगेच डळमळतो आणि घोट्याचे स्नायू किती काम करत होते ते कळतं. क्लाइंबिंगमध्ये नजरेचा नेमका उपयोग पाय ठेवताना होतो. पाऊल होल्डला टेकायच्या आधीच डोळे वर, पुढच्या हाताच्या होल्डकडे जातात, मग पाय अंदाजाने पडतो, घासतो, निसटतो, आणि वजन हातांवर येतं. पाऊल पूर्ण बसेपर्यंत त्याच्याकडेच बघायचं, एवढं केलं तरी चढण्याचा आवाज कमी होतो. स्लॅबवर, म्हणजे मागे कललेल्या सपाट खडकावर, तर सगळं हेच आहे.

भीतीबद्दल लिहिताना मी जपून लिहिते, कारण योगाने भीती जाते असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. उंचीवर भीती वाटणं शहाणपणाचं आहे. कधी कधी ती खरंच काहीतरी सांगत असते, गाठ तपास, दोर बघ, इथून परत फीर. ती जाऊ नये. ती हातांत उतरू नये एवढंच हवं असतं. आसनात जास्त वेळ राहण्याचा अनुभव इथे कामी येतो. मांडी पेटलेली असताना, इथून आता बाहेर पडावं असं मन सांगत असताना, आपण आणखी तीन श्वास थांबतो आणि बघतो की जळजळ जळजळच राहते, तिचं काही भयंकर होत नाही. सांध्यात टोचणारी वेदना आणि स्नायूचा त्रास यांतला फरकही तिथेच कळायला लागतो. पहिलीला लगेच मान द्यायचा, दुसऱ्यासोबत थोडं थांबायचं. कड्यावर, भरत आलेल्या हाताने बोल्टला लटकवलेल्या क्विकड्रॉच्या कडीत दोर अडकवताना, नेमका हाच निर्णय अर्ध्या सेकंदात घ्यावा लागतो.

शवासनाला क्लाइंबर सहसा झोपेची वेळ समजतात. मी त्याच्या शेवटच्या काही मिनिटांत मार्ग चढते. डोळे मिटून, पहिल्या होल्डपासून, कोणता हात, कोणता पाय, कुठे श्वास, कुठे थांबायचं. जिथे चित्र अंधुक होतं तिथे मला चाल नीट आठवत नाही हे कळतं, आणि जिथे अंग आवळतं तिथे भीती बसली आहे हे कळतं. चेक क्लाइंबर ॲडम ओन्ड्रा नॉर्वेतल्या फ्लाटांगरच्या गुहेत त्या मार्गाची तयारी करत होता, ज्याला सप्टेंबर २०१७ मध्ये जगातला पहिला ९सी (कठीणपणाच्या मापात तोवरची सगळ्यात वरची पायरी) म्हणून ओळख मिळाली, तेव्हा तोही जमिनीवर पडून, डोळे मिटून, हातपाय हलवत अख्खी चढाई मनात करत असे. त्याचं ते पडणं मात्र शांत नसायचं. चालीच्या जागी तो जोर लावायचा, ओरडायचाही. शरीर सैल असेल तरच प्रत्येक चालीला किती ताण येतो ते ओळखू येतं, आणि तो सैलपणा शवासनाने येतो.

वेळेचं भान ठेवावं. चढायच्या आधी लांब, स्थिर ताण देऊ नये. एखाद्या स्नायूला मिनिटभराहून जास्त ताणून ठेवलं तर पुढे काही काळ त्याची कमाल ताकद थोडी घटते. आधी करायचं ते हलतं फिरतं असावं, संथ सूर्यनमस्कार, मार्जारासन, खांदे आणि मनगटं फिरवणं. लांब टिकवायची आसनं चढून झाल्यावर किंवा विश्रांतीच्या दिवशी. आणि ज्यांचे सांधे मुळातच जास्त वळतात, कोपर उलट्या दिशेला जातो, अंगठा मनगटाला लागतो, त्यांनी आणखी ताणण्याच्या मागे न लागता आसनात टिकण्यावर, बळ धरण्यावर भर द्यावा. योगवर्गात अशांचं कौतुक फार होतं, आणि खांदा निखळण्याचा धोकाही त्यांनाच जास्त असतो.

बोटांची ताकद योगाने येत नाही, हे स्पष्टच सांगितलेलं बरं. बारीक क्रिम्पवर, म्हणजे फक्त बोटांची टोकं मावतील अशा कंगोऱ्यावर, लटकायला कंडरा आणि त्यांना हाडाशी बांधून ठेवणाऱ्या पुली तयार व्हाव्या लागतात, आणि त्यासाठी बोटांवर हळूहळू वाढत जाणारा भार द्यावाच लागतो. क्लाइंबरांची नेहमीची दुखापतही तिथलीच, बहुधा अनामिकेच्या किंवा मधल्या बोटाच्या तळाजवळची पुली. ती झाली की आठवडेच्या आठवडे कड्यापासून दूर राहावं लागतं. माझ्या ओळखीचे कितीतरी जण योगाकडे वळले ते याच काळात, चिडून, दुसरं काही करता येत नाही म्हणून. अशांनी डॉक्टरांनी बांधायला सांगितलेलं बोट बांधून ठेवावं, शिक्षकांना पहिल्याच दिवशी दुखापत सांगावी आणि पट्टा ओढायची किंवा पायाचा अंगठा बोटांनी घट्ट धरायची आसनं सोडून द्यावीत. तळहातावर भार चालत नसेल तर अधोमुख श्वानासन कोपरांवर करता येतं. वीरभद्रासनाचे तिन्ही प्रकार, वीरासन, मालासन, एका पायावरचे तोल आणि हात सोडून टिकवलेला उंच पाय, यांना बोटं लागतच नाहीत.